पहिली नजर कुणाची

पावसाळ्यात रविवारी शेलू स्टेशनात उतरणारी पाहुणे मंडळी लगेच ओळखू येतात. फ्लॅट बघायला आलेली कुटुंबं असतात, नाहीतर धबधब्याला निघालेली आणि भलत्याच स्टेशनात उतरलेली पोरं. ‘काय हिरवंगार आहे हो, नशीबवान आहात,’ असं ती आम्हाला सांगतात. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते आमच्या अगदी शेजारी. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, म्हणून आम्ही नुसतंच हसतो. मला या लोकांचा राग यायचा. मग ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे मॉरिशसला गेलो आणि हुबेहूब त्यांच्यासारखाच वागलो.

विमानतळावरून एबेनला जाताना दोन्ही बाजूंना ऊस होता आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. पडकी देवळं असावीत असं वाटून मी फोटो काढत सुटलो. टॅक्सीवाल्याने सांगितलं की शेतं करताना जमिनीतून हातांनी वेचून काढलेले दगड आहेत ते. आधी गुलामांनी वेचले, नंतर हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांनी. सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा काळा दगड. मी फोटो काढायचं थांबलो नाही, फक्त जरा ओशाळून काढू लागलो.

त्याचं आडनाव विचारलं तर मराठी घराणं निघालं. पूर्वज मुंबई बंदरातून आलेले. मी जवळजवळ ओरडलोच. गणेश चतुर्थीला तिथं देशभर सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकायची सोय आहे, हे ऐकून तर मी घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, ‘बघा, आपली संस्कृती कशी जपलीय यांनी!’ मग विचारलं, ‘घरी मराठीच बोलता ना?’

‘नाही, क्रेओल,’ तो म्हणाला.

माझा चेहरा उतरला असणार, कारण त्याने आरशातून पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, ‘तुमचे आजोबा बोलायचे तसं तुम्ही बोलता का?’

माझी आजी डोळ्याला डोला आणि पाण्याला पानी म्हणायची. ते माझ्या तोंडून इंजिनीअरिंगच्या पहिल्या सहामाहीत गेलं, कुणी जबरदस्ती न करता, चारदोन हशांमध्ये. म्हणजे मी वीस-एक वर्षांत जे टाकलं, ते दीडशे वर्षं समुद्रापलीकडे राहिलेल्या माणसाने जपावं, अशी माझी मागणी होती. आणि त्याने काय जपायचं, काय सोडायचं हे ठरवणारा मी कोण, तर तास-दीड तासापूर्वी विमानातून उतरलेला.

नवख्याची नजर वाईटच असते असं मला म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात नवा माणूस जुना कोड बघून पहिल्याच दिवशी ‘हे कुणी असं लिहिलंय?’ म्हणतो. बहुतेक वेळा तो चुकतो. पण वर्षानुवर्षं आमच्या डोळ्यांदेखत असलेली घाण कधीकधी त्यालाच दिसते. चुकीचं दिसण्यात गुन्हा नाही, कारण विचारून दुरुस्त करता येतं. आवडण्यातही नाही. गडबड होते ती आवडलेलं तसंच राहावं असं वाटू लागतं तिथे. आपल्या निराशेचं ओझं मग त्या जागेने उचलायचं.

फ्रेंच लेखक बेर्नार्दाँ द सँ-पिएर १७६८ला या बेटावर आला. तोही इंजिनीअरच. १७७३च्या प्रवासवर्णनात त्याने गुलामांचे हाल लिहिले. १७८८च्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या कादंबरीतही गुलामगिरी आहे, पण वाचकांनी मनात ठेवलं ते निरागस प्रेम आणि रमणीय बेट. म्हणजे पाहणाऱ्याने नीट पाहिलं तरी वाचणारा हवं तेवढंच घेतो.

शेवटच्या रविवारी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला. १८३४पासून करारावर आलेल्या सुमारे साडेचार लाख हिंदी मजुरांपैकी बहुतेकांना इथूनच बेटावर पाठवलं गेलं. १६ पायऱ्या आहेत. पर्यटकांसारखे आपणही चढतो. पहिली नजर त्यांचीही असणार की! पण ती लिहून ठेवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. लिहिली गेली ती त्यांच्याकडे बघणाऱ्या कारकुनाची नजर. वय, उंची, जात, अंगावरची खूण, एक नंबर आणि कानाला ऐकू आलं तसं नाव. त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यातल्या नावांची स्पेलिंगं आजही कित्येकांची आडनावं आहेत. मला प्रश्न पडतो तो हा की पहिल्या दिवशी कोण कुणाकडे बघून लिहू शकतं. माझ्याकडे मोबाइल होता, पगार होता, परतीचं तिकीट होतं.

विमानतळावर सोडायला तोच टॅक्सीवाला आला. ‘तुमचं गाव कसं आहे?’ त्याने विचारलं. मी मोबाइल काढला. त्यात गुडघाभर पाण्यात उभ्या आमच्या अंगणाचे फोटो होते. माझा अंगठा ते मागे टाकत गेला आणि जुलैतल्या डोंगराच्या फोटोवर थांबला.

‘किती हिरवं,’ तो म्हणाला.

मी हो म्हणालो.