छाट विडी कोणाची?

सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर ह्या बाजूंस हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. ठेकेदार टेंभुर्णीची पाने व तंबाखू देतो. बाई पाने भिजविते, पत्र्याच्या मापाने कापिते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधिते व तोंड मुडपिते. मजुरी हजारी दराने. माल कारखान्यात नेला म्हणजे तपासनीस काही विड्या बाजूस काढितो. त्यांस छाट म्हणतात. आणि आमचा आजचा प्रश्न एवढाच की, ही छाट कोणाची?

कित्येक म्हणतील, ह्यात प्रश्न कसला? वाईट मालाचे दाम कोण देतो? हे म्हणणे वरवर रास्त दिसते. परंतु पान कोणी दिले, हे आधी पाहिले पाहिजे. जंगलातून आलेल्या पुडक्यांत काही पाने फाटकी, काही डागी निघतात. पाने मिळतात वजनावर, विड्या द्यावयाच्या मोजून. तेव्हा पान वाईट निघाले तर संख्या भरावयास बाईला पदरचे पैसे घालून बाजारातून पाने आणावी लागतात. माल मालकाचा, नफा मालकाचा, आणि खोट तेवढी वळणारीची! लाबानाच्या कळपातील जे मेंढरू श्वापदाने फाडिले त्याची भरपाई याकोबाला करावी लागे. त्या गाऱ्हाण्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. छाट खरोखर निकामी असेल तर ती बाईच्या देखत मोडून टाकावी. मजुरी न देता ती ठेवून घेतली व पुढे विकली, तर ती निकामी नव्हती हे विकणाऱ्यानेच कबूल केले. एकच विडी मजुरी देताना वाईट आणि विकताना चांगली कशी होईल? ह्याला व्यापार म्हणावयास आम्ही तयार नाही.

१९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्याखालील नियमांत असे ठरले की, साधारणतः शेकडा ५ हून अधिक माल छाट म्हणून काढू नये, आणि कामगाराने मुद्दाम हयगय केली नसेल तर छाटीचीही निमी मजुरी द्यावी. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; १९७४ साली तेथेही हे नियम टिकले. निमी मजुरी म्हणजे पूर्ण न्याय नव्हे. तथापि विडी बिघडली तरी बाईचा दिवस खर्च झालाच, एवढे त्यात मान्य झाले.

कोणी बंधू विचारतील, तंबाखूच जर वाईट, तर तिच्या मजुरीचा एवढा काथ्याकूट कशास? तंबाखू वाईट, ह्यात आम्हांस संशय नाही; आणि तिची धूळ मुलाबाळांच्या घरात उडते, हे त्याहून वाईट. परंतु दारूच्या गुत्त्यावर पाणी भरणाऱ्याची मजुरी बुडविल्याने कोणी दारूबंदीचा कैवारी ठरत नाही.

आमच्या मंडळ्यांत ज्या बहिणी हे काम करितात त्यांच्या नोंदवहीत विड्या किती दिल्या व छाट किती निघाली हे लिहिलेले असते काय, हे उपदेशकांनी घरी जाऊन पाहावे. पुष्कळींना वाचता येत नाही, आणि आकडा दुसराच कोणी लिहितो.