पुरेसा प्रकाश

मोबाइलच्या पडद्याचा ब्राइटनेस आणि बॅटरी यांचा मेळ घालणे, हा मुळात मर्यादेचा प्रश्न आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास जातो. मंद पडदा तिथे वाचताच येत नाही. रात्री होडीवरच्या कोळ्याला मात्र प्रखर पडदा दिपवतो आणि अंधाराला सरावलेली नजर घालवतो. शिवाय मदत मागण्यापुरती बॅटरी राखावीच लागते.

मर्यादेचा हा विचार जुनाच आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील १६ व १७ हे श्लोक आहार आणि झोप यांतील अतिरेक व टोकाचा अभाव दोन्ही नाकारतात. बुद्धाने सोण या भिक्षूला वीणेच्या तारेचा दाखला देऊन हेच सांगितले: तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. मध्यम म्हणजे ठरीव ५० टक्के नव्हे; प्रसंगाला पुरेल तेवढे.

आता फोनमधला सेन्सर भोवतीच्या उजेडानुसार ब्राइटनेस आपोआप बदलतो. पण सेन्सर फक्त उजेड मोजतो. पडदा मुळात पाहायचा की नाही, हे ठरवत नाही. गरज नसताना पडदा बंद करणे ही सर्वांत मोठी बचत आहे, आणि तो संयम माणसालाच पाळावा लागतो.