देवराई, दफ्तर आणि वृक्षाचा धनी

मराठवाड्यातल्या मुदखेडच्या मळ्यांतली फुले देवपूजेसाठी दूरदूरच्या गावी जातात. परंतु ज्या भूमीने देवाला इतके दिले, तिच्यावरील वृक्षाचा खरा धनी देव, सरकार की अजून न जन्मलेली पिढी, हा प्रश्न तिथल्या उघड्या गायरानाकडे पाहताना माझ्या मनाला अस्वस्थ करतो. १९४८ साली निजामी अंमल संपला, दफ्तरे बदलली, तरी रान म्हणजे सरकारची मिळकत ही रयतेची समजूत सहजी पुसली गेली नाही. उलट देवाच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड थांबे ती देवाच्या धाकाने. आणि त्या धाकाला मी हीन लेखत नाही, कारण आपल्या वासनेला मर्यादा आहे हे मनुष्य पुष्कळदा प्रथम भयातूनच शिकतो. मात्र श्रद्धा ओसरली की असे वन निराधार होते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाने नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण आणले, २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांवर समिती नेमण्याचे कर्तव्य टाकले. परंतु वृक्षतोडीच्या परवानगीचा शिक्का भक्ती निर्माण करीत नाही. ज्या वडाची सावली आपल्या वाट्याला येणार नाही, त्याच्या रोपाला वैशाखात पाणी घालणारा नगरपरिषदेचा माळी मला निष्काम कर्माचा अधिकारी वाटतो, आणि त्या पाण्याची तरतूद अंदाजपत्रकात करणे हेही मी धर्मकृत्यच मानतो.