सोळाशे मीटरच्या पुढे

२०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पन्नास किलोमीटरची स्की शर्यत दोन तास पाच मिनिटांहून अधिक चालली आणि जर्मनीच्या आक्सेल टाइशमानचं सुवर्ण ०.३ सेकंदाने हुकलं. नॉर्वेचा पेटर नॉर्थुग तेवढाच पुढे होता. बारा वर्षांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे राहिला, ०.०५ सेकंदाने. दोघांनाही रौप्य मिळालं. एक बर्फावरचा, दुसरा मातीतून वर आलेला. पण दोन्ही खेळ हृदय, फुप्फुसं आणि वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या मेहनतीचे आहेत. या दोन पदकांच्या मागची वर्षं शेजारी ठेवली की फरक दिसतो, आणि मला तो जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात राहून फार जवळून दिसतो.

टाइशमान १९७९ साली जन्मला. त्याचा क्लब थुरिंगियातल्या लाउशा या काचकाम करणाऱ्या डोंगरगावातला. त्या भागात स्की हा घराघरातला खेळ. उन्हाळ्यात बर्फ नसतं तेव्हा ही मुलं चाकांच्या स्कीवर डांबरी रस्त्याने जातात, हातात काठ्या घेऊन चढ धावतात. अव्वल स्कीपटू वर्षाला साधारण आठशे ते नऊशे तास सराव करतो, आणि त्यातला बहुतेक भाग संथ गतीचा असतो. असा सराव दहा-बारा वर्षं कोणीतरी पोसावा लागतो. थुरिंगियातल्याच ओबरहोफला खेळाडूंची निवासी शाळा आहे. २००९ पासून तिथे छताखाली उणे चार अंशांत ठेवलेला स्कीचा बोगदाही आहे. शाळा संपल्यावर जर्मनीतले बहुतेक स्कीपटू सैन्यात, सीमाशुल्क खात्यात किंवा संघीय पोलिसांत नोकरीला लागतात. पगार खात्याचा, काम सरावाचं. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण जिंकणाऱ्या काथारिना हेनिग आणि व्हिक्टोरिया कार्ल याच वाटेने आल्या. हेनिग सीमाशुल्क खात्याची, कार्ल सैन्यातली. टाइशमान २००३ मध्ये पंधरा किलोमीटरचा जगज्जेता झाला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

तेविसाव्या वर्षी साबळे कुठे होता? त्याचे आईवडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो ५ महार रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्येही. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत तो पहिल्यांदा गांभीर्याने धावला. तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. पुढे सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि नंतर स्वतःचेच विक्रम तो मोडत गेला. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, त्याच वर्षी ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

ही कहाणी आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण तिच्यातला योगायोग मला अस्वस्थ करतो. २०१५ च्या त्या एका शर्यतीच्या वेळी तो दुसऱ्या ठाण्यावर असता तर? शाळेत असताना तो गावाहून शाळेपर्यंत रोज काही किलोमीटर जात होता. ते अंतर घड्याळ लावून कोणीही मोजलं नाही.

सावद्यात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर पहाटे साडेचारला या. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून सगळं धावणं उजाडायच्या आत. केळीचे ट्रक रावेर-फैजपूरच्या दिशेने जात असतात आणि रस्त्याच्या कडेने पोरं धावत असतात. मुलीही असतात, एखादीचा भाऊ मोटारसायकल घेऊन मागे हळूहळू येतो. यांना विचारलं तर उत्तर एकच, ‘भरती’. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर मारलं की वीसपैकी वीस. त्यापेक्षा लवकर आलात तरी वीसच. साबळेच्या पॅरिसच्या वेगाने १६०० मीटर ४ मिनिटे २१ सेकंदांत होतात, तेही अडथळे आणि पाण्याच्या उड्या धरून. एखाद्या पोराने उद्या ४ मिनिटे ३० सेकंदांत अंतर कापलं, तर त्याला गुण मिळतील आणि तो लेखीच्या तयारीला लागेल. झालं. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या फरकाला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही.

यावर कोणी म्हणेल, या पोरांना नोकरी हवी आहे, पदक नको. खरं आहे, आणि मी नोकरीच्याच बाजूने आहे. ज्या घराची केळीची मृगबाग वाऱ्याने आडवी झाली आहे, त्या घरातल्या मुलाला ‘चार वर्षं फक्त धाव’ असं सांगणं क्रूरपणा ठरेल. पण जर्मनीची पद्धत तसं करत नाही: आधी नोकरी देते, मग धावायला लावते. आपल्याकडेही सैन्याने हेच केलं आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री स्कीत उतरलेले भारताचे नदीम इक्बाल (२०१४) आणि जगदीश सिंग (२०१८) हे दोघंही फौजी, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये तयार झालेले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळेचा गुडघा दुखावला आणि हंगाम बुडाला, तेव्हा तो सैन्यात नोकरीला होता. खासगी धावपटूचं घर अशा वेळी बसतं. मग राज्याच्या पोलीस दलात, वनखात्यात हे का होऊ नये? दरवर्षीच्या भरतीतून पाच-दहा शिपाई असे घ्या की ज्यांची ड्युटीच पहिली काही वर्षं सरावाची असेल.

जर्मन व्यवस्था निर्मळ आहे असं मी म्हणत नाही. पूर्व जर्मनीत क्रीडाशाळांच्या जोडीला सरकारी उत्तेजकं होती, त्यांनी कित्येक शरीरं उद्ध्वस्त केली. २०१९ मध्येही एरफुर्टच्या एका डॉक्टरला खेळाडूंचं रक्त काढून ते पुन्हा त्यांनाच चढवल्याबद्दल अटक झाली आणि पुढे शिक्षा झाली; त्याच्या गिऱ्हाइकांत स्कीपटू होते. म्हणून प्रशिक्षकाइतकाच तपासनीसही लागतो. शाळा, क्लब आणि पगार यांची साखळी मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे जवळचं उदाहरण नाशिकचं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आणि चांदवड भागातली संजीवनी जाधव, दोघी नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडल्या. कविताने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं. नाशिकच्या हवेत किंवा पाण्यात काही वेगळं आहे म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. एक प्रशिक्षक वर्षानुवर्षं त्याच मैदानावर उभा राहिला आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना त्याने तिथे राहायला, धावायला लावलं. सातपुड्यात आमच्याकडेही पाडे आहेत. पाल गावाच्या वरच्या अंगाला तडवी आणि पावरा मुलं रोज चढउतार करतात. चढाची सवय त्यांना लावावी लागत नाही. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, मे महिन्यात तिथे सरावाचं शिबिर सहज चालेल. जागतिक दर्जाच्या तयारीला आणखी उंची लागते, हे मान्य. पण आपण त्या पायरीवर अडलेलो नाही. त्याच्या फार आधी, कोणाला घेऊन जायचं हेच माहीत नसल्यामुळे अडलो आहोत.

आणि ती माहिती तर आहे. भरतीच्या मैदानावर अनेक जिल्ह्यांत उमेदवारांच्या पायाला किंवा छातीला चिप बांधून वेळ नोंदवतात. हजारो तरुण-तरुणींच्या वेळेची नोंद सरकारच्या संगणकात आहे, गुण दिल्यावर ती निरुपयोगी होते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने पोलीस अधीक्षकांकडून फक्त एवढीच यादी मागावी: १६०० मीटर ४ मिनिटे ४५ सेकंदांच्या आत कोणी पूर्ण केलं, आणि ८०० मीटर अडीच मिनिटांच्या आत कोणी. ज्यांची निवड झाली ते आणि जे लेखीत पडले तेही. या मुलांना जळगावला बोलावून पाच हजार मीटर धावायला लावावं, महिनाभर एका प्रशिक्षकाकडे ठेवावं. अठरा-एकोणिसावं वर्ष उशिराचं आहे असं म्हणणाऱ्यांना साबळेची जन्मतारीख दाखवावी, १३ सप्टेंबर १९९४, आणि त्याची पहिली शर्यत कोणत्या साली झाली तेही. पुढच्या भरतीच्या आधी ही यादी एका जिल्ह्यात तरी काढून पाहावी. जळगावने ती पहिली काढावी.