सूर्य सर्वांचा, पंप एकेकाचा

महाराष्ट्राच्या वीजक्षेत्रातल्या हरित वाटचालीवरची चर्चा सध्या मोजदादीपाशी येऊन थांबली आहे. २०२५च्या अखेरीस एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौर कृषिपंप बसवल्याचा विश्वविक्रम महावितरणच्या नावावर नोंदला गेला. अशा आकड्यांवर वाद होतो तोही ठरलेला : एका बाजूने आकडा मिरवायचा, दुसऱ्या बाजूने बंद पडलेल्या पंपांकडे बोट दाखवायचे. पंप चांगले की वाईट, वेळेत की उशिरा, एवढाच काय तो मतभेद. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या मालकीचा सौर पंप दिला की तो भारनियमनातून, थकबाकीतून आणि वायरमनच्या मिनतवाऱ्यांतून कायमचा सुटेल, हे गृहीत मात्र दोन्ही बाजूंना मान्य दिसते. माझा आक्षेप याच गृहीतावर आहे. सौर ऊर्जेवर तो नाही. उलट, सौर ऊर्जा इतकी स्वस्त झाली आहे की ती कशी आणायची याचा विचार करण्याची चैन आता आपल्याला परवडते. म्हणूनच तो टाळणे अक्षम्य ठरते.

इतर मतांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कोळशावाचून गत्यंतर नाही म्हणणाऱ्यांनी नव्या सौर प्रकल्पांचे युनिटमागे तीन रुपयांच्या आसपासचे दर पाहावेत. अणुवीज येईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांनी जैतापूरची वाट पाहण्यात किती वर्षे गेली ते मोजावे. आणि सगळे खासगी हातांत दिले की सुरळीत होईल असे मानणाऱ्यांना एन्रॉन आठवत नसावे. स्वतःच्या पंपाचे मत मात्र असे झटकून टाकता येत नाही, कारण ते स्वावलंबनाची भाषा बोलते आणि स्वावलंबनाला नाही म्हणणे महाराष्ट्रात कोणालाच जमत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची आणि जमिनीच्या मानाने ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. ही मापे विहीर किंवा बोअर असलेल्या सुट्या शेतकऱ्याला समोर ठेवून काढली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाचा मोठा भाग तसा भिजतच नाही. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, वारणा यांच्या काठी सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या जॅकवेल आहेत. तिथल्या दांडग्या मोटारी नदीचे पाणी उचलून माळावरच्या चेंबरमध्ये टाकतात, तिथून पाटकरी पाळीप्रमाणे एकेकाच्या शेतात पाणी सोडतो आणि पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापली जाते. राधानगरी धरण, नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि या संस्था मिळून जी व्यवस्था उभी राहिली, तीत अर्धा एकरवाल्यालाही पाणी मिळाले ते त्याच्याकडे मोटार होती म्हणून नव्हे. मोटार सर्वांची होती म्हणून. अशा ठिकाणी ७.५ अश्वशक्तीचा पंप नदीकाठी ठेवून माळ भिजणार नाही. शिवाय २०१९ आणि २०२१च्या महापुरांत मोटारी, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर पाण्याखाली गेले, त्याच काठावर आता काचेची पॅनेल उभारायची, हा हिशेब कोणी मांडून पाहिलेला दिसत नाही.

यावर उत्तर येते की कोल्हापूर हा अपवाद आहे. मराठवाड्यातल्या विहिरीवर योजना पाहा. ठीक, तिथेच पाहू. ७.५ अश्वशक्तीच्या पंपासोबत साधारण साडेसात किलोवॉटची पॅनेल येतात आणि ती वर्षाकाठी दहा हजार युनिटच्या आसपास वीज तयार करू शकतात. पण पंप वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात तो बंद असतो, पाळी नसते त्या दिवशी बंद असतो, उन्हाळ्यात विहीर आटली की ऐन कडक उन्हात बंद असतो. त्या सगळ्या काळात पॅनेलवर पडणारे ऊन फुकट जाते, कारण पंपाची वायर मोटारीपाशी संपते. सार्वजनिक पैशाने उभी केलेली वीजनिर्मितीची क्षमता वर्षातला बराच काळ कुलूपबंद ठेवायची आणि त्याच वेळी चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळायचा, याला हरित धोरण म्हणणे कठीण आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज ११ केव्हीच्या वाहिनीवरून शेतीला जाते. त्याच वाहिनीवर पाच अश्वशक्तीची मोटारही चालते आणि संस्थेची शंभरचीही. पंप बंद असले तर ती वीज गावाला, गिरणीला, फाउंड्रीला जाते. तेवढ्या वेळात कोयनेचे पाणीही वाचते. आणि कोयनेतून पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवलेले असल्याने, दुपारी वाचलेले पाणी म्हणजे संध्याकाळची हमखास वीज. सूर्य दोन्हीकडे तोच, फरक फक्त वायर कुठे संपते याचा.

तरीही स्वतःच्या पंपाचा युक्तिवाद मागे हटत नाही, कारण त्याचे खरे बळ तंत्रात नसून शेतकऱ्याच्या अनुभवात आहे. शेतीला आठवडाआड फिरणारी पाळी : कधी दिवसा वीज, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन नदीकाठच्या स्टार्टरपर्यंत जायचे, एक फेज गेलेली असली तर ती येईपर्यंत बांधावर बसायचे, आणि राधानगरी-भुदरगडच्या पट्ट्यात गव्यांच्या वाटेवर उभे राहायचे. हे ज्याने वर्षानुवर्षे सोसले त्याला कोणी म्हटले की उद्यापासून तुझी वीज तुझ्या शेतात, तर त्याला ती मुक्तीच वाटणार. पण ही मुक्ती नीट तपासली पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून ठिय्या बसला. हजारोंची मागणी एकच होऊ शकली, कारण त्यांची गैरसोय एकाच वाहिनीवरून येत होती. सौर पंपाचा कंट्रोलर बिघडला तर शेतकरी काय करतो? तक्रार नोंदवतो आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहतो. शेजाऱ्याचा पंप चालू असतो, त्यामुळे शेजाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. सार्वजनिक गाऱ्हाण्याचे वॉरंटीच्या तक्रारीत रूपांतर झाले की सरकार सुटते, शेतकरी एकटा पडतो. एकटेपणाला स्वावलंबन म्हणण्याची चलाखी इथे आहे.

या पंपाच्या पाठीशी एक सरकारी हिशेबही आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला जात नाही. शेतीची वीज आजवर उद्योगांच्या चढ्या दरांतून आणि राज्याच्या अनुदानातून भागवली गेली. २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते, त्याचा भार वर्षाला चौदा हजार कोटींहून अधिक आहे. एक शेतकरी वीजजाळ्याबाहेर गेला की त्याच्या बिलाची रक्कम कायमची वाचते, म्हणून सरकारला पंप प्रिय. हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिजोरीची चिंता रास्तच आहे. पण दिवसाची स्वस्त सौर वीज वाहिनीवर आणूनही तोच भार हलका होतो, आणि कोणाला बाहेर काढावे लागत नाही. पाणीपुरवठा संस्थांचे उदाहरण बोलके आहे : त्यांच्या मोटारी मोठ्या म्हणून त्या मोफत विजेत बसत नाहीत, सौर पंपातही बसत नाहीत, आणि त्यांची वेगळी सवलत मुदतवाढीवर जगते. जे एकत्र आले तेच योजनेबाहेर राहिले.

वाहिनी योजनेवरचे आक्षेप मी हलके मानत नाही. पैसे भरून वर्षानुवर्षे जोडणीची वाट पाहणाऱ्या ‘पेड पेंडिंग’ शेतकऱ्याला जाळ्याची महती सांगणे क्रूर आहे. जिथे खांब पोचायलाच मैलोगणती तार ओढावी लागते तिथे त्याला सौर पंप द्यावाच. कोल्हापुरात जमिनीची अडचण खरी आहे : हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळाले तरी उसाची जमीन कोण देईल? मग नजर गायरानावर जाते आणि गाव विरोध करते. तो विरोध समजून घ्यायला हवा, कारण प्रकल्प गावाच्या जमिनीवर आणि मालकी बाहेरची, अशी रचना झाली तर सामायिक वाहिनीही परकीच वाटेल. पाणीपुरवठा संस्था, दूध संघ, साखर कारखाने चालवणाऱ्या जिल्ह्यात दोन-पाच मेगावॉटचा प्रकल्प सहकारात का उभा राहू नये, याला मला कोणतेही तांत्रिक कारण दिसत नाही. संचालक मंडळांचे राजकारण त्यात शिरेल हे नक्की; पण राजकारण शिरते म्हणून आपण कारखाने एकेकाच्या अंगणात बांधले नाहीत.

सामायिक आणि सुट्या विजेतला हाच फरक शेताबाहेरही लागू पडतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांना वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात युनिटमागे दीड रुपया सवलत मिळे, म्हणून भट्ट्या रात्री तापवण्याकडे कल होता. २०२५च्या दररचनेत सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली. कारखानदारांची पाळ्या बदलण्याची कुरकुर समजण्यासारखी आहे, तरी जाळे काय करू शकते हे यातून कळते : ऊन असेल तेव्हा ते अख्ख्या औद्योगिक वसाहतीला कामाची वेळ बदलायला लावू शकते. सुटा पंप फक्त स्वतःपुरता सूर्य पाहतो. छतावरच्या पॅनेलचेही तेच : जादा वीज जाळ्याला दिली की सौर वीज जोडणारी होते. दुपारी स्वतःची आणि संध्याकाळी जाळ्याची वीज घेऊन जाळ्याचा खर्च नाकारला की तोडणारी होते.

म्हणून सौर ऊर्जेचे मला दोनच प्रकार महत्त्वाचे वाटतात, जोडणारी आणि तोडणारी; बाकी पॅनेल कोणत्या बनावटीचे, अनुदान किती टक्के, हा तपशील आहे. कोणती योजना कोणत्या प्रकारात मोडते हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : ऑगस्टमध्ये पिकाला पाणी नको असते, तेव्हा हिची वीज कोणाच्या उपयोगी पडते? उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे आले तर ती योजना एखाद्या दुर्गम शेतकऱ्याची नड भागवू शकेल आणि तेवढ्यापुरती चालूही ठेवावी. राज्याच्या ऊर्जाधोरणाचा कणा म्हणून तिचे विक्रम साजरे करणे मात्र थांबवावे, आणि तो पैसा वाहिन्या, उपकेंद्रे आणि गावाच्या मालकीचे प्रकल्प यांवर लावावा.