दोघांचं घर

परदेशातून भावंडं दत्तक आली की लोक म्हणतात, मुलांना घर मिळालं. हे अर्धंच खरं आहे. ती दोघं येताना आपलं एक घर बरोबर घेऊन येतात. त्या घरात माणसं दोनच, कर्ता पुरुष सात वर्षांचा, आणि नवे आईवडील तिथे बरेच दिवस पाहुणे.

आम्ही मिनेसोटात राहतो. समोरच्या अमेरिकन जोडप्याने महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून सात वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण घरी आणली, तीही ऐन जानेवारीत. गल्लीत मराठी घर आमचं एकटंच, त्यामुळे दुभाषेपण आपसूक माझ्याकडे आलं.

कागदोपत्री सगळं पूर्ण झालेलं होतं. दत्तकाचा आदेश भारतातच निघाला होता. पूर्वी तो न्यायालय देई, २०२२पासून जिल्हाधिकारी देतात. आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारानुसार लागणारा ‘कारा’चा, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचा, दाखला हाती होता. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यामुळे अशी मुलं विमानतळावर इमिग्रेशन ओलांडताच तिथल्या तिथे नागरिक होतात. कायद्याचं काम एवढ्यात आटोपलं. पुढे होती घड्याळाची साडेअकरा तासांची उलटापालट आणि रात्री दोन वाजता टक्क जागी, भुकेली दोन पोरं.

भाऊ केळं सोलायचा, आधी बहिणीला भरवायचा, मग स्वतः खायचा, आणि एखादं बिस्किट हळूच खिशात टाकायचा. गादीखाली ब्रेडचे तुकडे सापडायचे. संस्थेतून आलेली मुलं अनेकदा असं करतात. त्यावर जाणती माणसं सांगतात की साठा उपसू नका, ओरडू नका, हाताला येईल अशा जागी खाण्याची टोपली सदैव भरलेली ठेवा. आईने तसं केलं. झोपायला दोन खोल्या मोठ्या हौसेने सजवल्या होत्या, पण ओळीने पसरलेल्या अंथरुणांवर झोपायची सवय असलेली ही दोघं एकाच पलंगावर, दिवा चालू ठेवून झोपली. दुसरी खोली तशीच राहिली. अंघोळीच्या टबात बसायला दोघांचा साफ नकार. शेवटी बादली आणि मग आणला. तरी बहिणीच्या अंगावर पाणी घालायचं ते भावानेच. आई टॉवेल घेऊन बाजूला उभी.

त्या उभं राहण्यात फार शहाणपण होतं असं मला वाटतं. पहिली इच्छा होते ती मुलाच्या हातून मग काढून घ्यायची. बाळा, आता तू लहान हो, मी आहे ना. पण बहिणीला सांभाळणं हेच त्याचं आजवरचं काम. ते एका दिवसात काढून घेतलं तर त्याच्याकडे उरतं काय? आईने मला एक वाक्य मराठीत शिकवायला सांगितलं, ‘तू केस विंचर, मी वेणी घालते.’ तिने ते अडखळत म्हटलं. त्याने बराच विचार केला आणि कंगवा हातात ठेवून जरा सरकून बसला. तिने आणखी मागून घेतलेल्या वाक्यांत सगळ्यात कामाला आलं ते ‘मी परत येणार आहे.’ दुकानात जातानाही ती ते म्हणायची.

सुरुवातीचे काही महिने मुलांना भरवायचं, उचलायचं, रडताना जवळ घ्यायचं ते फक्त आईवडिलांनी, असा अशा घरांत दंडक. आपल्या लोकांना तो रुचत नाही. खाऊ दिला तर काय बिघडतं, असं इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी मला विचारलं. बिघडतं. पाळीपाळीने बदलणाऱ्या मावशांकडे वाढलेलं मूल कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतं. ती धाकटी पहिल्याच भेटीत माझ्या मांडीवर चढली, आणि मी मराठी बोलते म्हटल्यावर उतरायला तयार होईना. म्हणून वरण-भाताचा डबा मी आईच्या हाती द्यायची. वाढायची ती. तूप-लिंबू कधी घालायचं ते भाऊ तिला खुणेने दाखवायचा.

खाऊपेक्षा मला भीती होती ती आपल्या बोलण्याची. आलेला पाहुणा मुलांसमोरच ‘बिचारी’ म्हणतो, जोडप्याला ‘केवढं पुण्याचं काम केलंत’ म्हणतो. आईबापांना त्यातलं काही कळत नाही. सात वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. अशा पाहुण्यांना मी दारातच थोपवायला लागले.

मग मुलांशी मराठी बोलायचं की नाही? पॅरिसमधल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. तीन ते आठ या वयांत फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन मुलं मोठेपणी कोरियन ओळखूही शकत नव्हती. मेंदूच्या चित्रणातही भाषेचा माग लागला नाही. पुढे २०१४ साली मॉन्ट्रियलच्या अभ्यासात वेगळं दिसलं. चीनमधून तान्हेपणी फ्रेंचभाषक घरांत आलेल्या मुलांना चिनीचा एक शब्द येत नव्हता, पण चिनी सुरांचे चढउतार ऐकताना त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच चाले. यावरून मराठी टिकेल की जाईल हे काही मी सांगणार नाही. पण भावंडांची भाषा ती दोघं एकमेकांशी बोलतात तोवर चालते. मी बोलते, पण आई खोलीत असताना आणि शक्यतो आईविषयीच. रविवारच्या मराठी शाळेत यंदाच घाला असा आग्रह झाला, त्याला मी विरोध केला. आधी घर बसू दे.

भारतात अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा. पहिल्या अहवालासाठी समाजसेविका वजन, उंची, झोप, भूक विचारून गेली. त्याच सुमारास, मार्चमधला बर्फ अजून होता तेव्हा, अंगणात लाल घसरगाडीवरून भावंडांत जुंपली. आजवर आपल्या वाटचं सगळं बहिणीला देणारा तो, गाडी सोडेना. बहीण किंचाळत आली, नेहमीसारखी त्याच्याकडे नाही, आईकडे. भरभर मराठीत तिने काहीतरी सांगितलं. आईला अक्षर कळलं नाही. तिने मला फोन लावून फोन पोरीच्या तोंडाशी धरला.

‘दादा मला बसू देत नाही म्हणतेय,’ मी सांगितलं.

‘मग आता मी काय करू?’

‘दोघांनाही रागवा.’