भुकेची संमती ही संमती आहे काय?



‘कामगाराने मजुरी ठरवून राजीखुशीने काम पत्करले, मग शोषण कसले?’ असा सवाल आपल्याला पुष्कळदा ऐकावा लागतो. सवाल सरळ दिसतो, म्हणूनच तो नीट पारखून घेतला पाहिजे.

शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण घ्या. युरोप-अमेरिकेतील कित्येक मोठ्या कंपन्या आपले कपडे स्वतः शिवत नाहीत. जेथे मजुरी कमी, तेथील कारखानदाराला त्या काम देतात. ढाक्याजवळ सावर येथे ‘राणा प्लाझा’ या आठ मजली इमारतीत असे पाच कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालची बँक व दुकाने बंद झाली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. न आल्यास पगार बुडेल अशी धमकी दिली. ते आत गेले आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली; त्यांत स्त्रियाच अधिक. त्या वेळी या धंद्यातील किमान वेतन महिना ३,००० टका होते.

आता सांगा, त्या बायांनी संमती दिली होती काय? त्या आपल्या पायांनी चालत गेल्या हे खरे. पण त्यांना आत लोटले ते भुकेने. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात हेच दाखवून दिले आहे. बेकार माणसासमोर नोकरी आणि हक्क ठेवले, तर तो नोकरीसाठी हक्क सोडून देईल. कागदावरचे स्वातंत्र्य पोटापुढे टिकत नाही.

न दिलेले घेणार नाही, असे शील आपण ग्रहण करतो. भीतीपोटी जे हातातून सुटते, ते दिलेले कसे म्हणावे?

कंपनी म्हणते, कारखाना आमचा नाही. कारखानदार म्हणतो, भाव कंपनी ठरवते. परंतु मे २०१३ मध्ये अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांशी इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार केला. म्हणजे जबाबदारी घेता येत होती. ती घेण्यासाठी एवढी प्रेते पडावी लागली!

‘काम गेले तर त्या उपाशी मरतील,’ असेही म्हणतात. खरे आहे. म्हणून काम बंद करा असे कोणी म्हणत नाही. निर्भयपणे ‘नाही’ म्हणता यावे, एवढी संघटनेची ताकद कामगाराला हवी.

उद्या आपल्याही मुलांतून कोणी मुकादम होईल, कोणी ठेकेदार होईल. त्याला आजच एक प्रश्न शिकवून ठेवा : या माणसाने मला नकार दिला असता, तर आज संध्याकाळी त्याची चूल पेटली असती काय?